चांदीचा जुना रुपया पारखून कसा घ्यावा

मृग लागायच्या सुमारास आमच्या भागातील तालुक्याच्या सराफाकडे गेल्यास गल्ल्याच्या मागे एका परातीत मोड साठलेली दिसते. तुटकी जोडवी, झिजलेले वाळे, करदोड्याचे तुकडे आणि त्यांच्यात मिसळलेले दहावीस राणीछाप व राजाछाप रुपये त्या परातीत असतात. बियाण्याची आणि खताची सोय करण्यासाठी घरातली चांदी बहुधा याच दिवसांत बाहेर पडते आणि चारआठ दिवसांत ती आटणीला जाते. ज्यांना जुन्या रुपयांचा संग्रह करायचा आहे, त्यांनी धनत्रयोदशीच्या गर्दीत सराफा गाठण्याऐवजी या दिवसांत जावे, मोडीच्या भावापेक्षा थोडे अधिक देण्याची तयारी ठेवावी आणि परातीतले रुपये एकेक करून निवांत पाहू देण्याची विनंती करावी. खामगावसारख्या चांदीसाठीच नाव असलेल्या पेठेत माल अधिक दिसतो हे खरे, पण लहान गावच्या सराफाकडे वेळ अधिक मिळतो आणि या कामात वेळेचे मोल मोठे आहे.

येथे मी दुर्मिळ नाण्यांविषयी लिहिणार नाही. विदर्भातल्या बहुतेक जुन्या घरांत देव्हाऱ्यात किंवा पेटीच्या तळाशी जो रुपया सापडतो, तो सर्वसामान्य, कोट्यवधींच्या संख्येने पाडलेला रुपया असतो. अशा नाण्याचे साल पाहून हुरळून जाण्यात अर्थ नसतो, कारण तेच साल शेजारच्या घरातही असते. त्याची किंमत ठरते ती पृष्ठभाग किती शाबूत राहिला आहे यावर, आणि ती पारख कोणालाही सरावाने येते.

हातात आलेला रुपया कोणता

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शेकडा ९१.६७. हेच वजन एक तोळा मानले गेले, आणि म्हणूनच जुन्या माणसांच्या तोंडी औषधाचे किंवा मसाल्याचे माप अजून ‘रुपयाभार’ असे येते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले, पुढच्याच वर्षी नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि दोन्ही मुलखांत कंपनीचा कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया रुळला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला आणि त्या भावाचा मोबदला चांदीच्या रुपयांत आला. आमच्याकडच्या पेट्यांमध्ये १८६२ सालचा रुपया इतका का सापडतो, याचे एक कारण मी तरी यात पाहतो. दुसरे कारण टांकसाळीतले आहे. १८६२ हे साल पुढे बरीच वर्षे तसेच कोरले जात राहिले आणि प्रत्यक्ष वर्ष ओळखण्यासाठी नक्षीत ठिपके घालण्यात आले. दरवर्षी साल बदलण्याची पद्धत १८७४ पासून सुरू झाली.

ओळख सोपी आहे. १८४० च्या रुपयावर राणी तरुण आहे, तिच्या डोक्यावर मुकुट नाही आणि काट्याच्या बाजूला कंपनीचे नाव आहे. १८६२ पासून मुकुट आला, कंपनीच्या जागी इंडिया आले, आणि १८७७ पासून क्वीनची एम्प्रेस झाली. १९०३ ते १९१० या काळातला सातवा एडवर्ड पुन्हा बिनमुकुटाचा, टक्कल पडलेला आणि दाढीवाला आहे. १९११ पासून पाचवा जॉर्ज मुकुट व झगा घालून येतो. त्या पहिल्याच वर्षी झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली. बहुतेक नाणी परत घेऊन आटवण्यात आली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला गेला. १९११ सालचा रुपया परातीत दिसल्यास तो बाजूला काढावा. जॉर्जच्या रुपयावर काट्याच्या बाजूला तळाशी असलेल्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा.

सहाव्या जॉर्जच्या बाबतीत सावध राहावे. १९३८ चा रुपया जुन्याच कसाचा आहे. १९४० ते १९४५ या युद्धकाळातल्या रुपयांत मात्र निम्मीच चांदी आहे आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त आहे. त्यांच्या कडेवर दात्यांच्या मधोमध एक खोबण फिरवलेली आहे, त्यामुळे छापा न पाहता नुसत्या कडेवरूनही ते ओळखता येतात. १९३९ चा रुपया खरोखरच दुर्मिळ आहे. म्हणूनच तो कोणी सहजपणे पुढे केला तर अंक बदललेला असावा असे धरून चालावे आणि सालातला शेवटचा अंक भिंगाखाली पाहावा. १९४७ सालचा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदीचा कण नाही.

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांच्या निजामी सीमेलगतच्या गावांत चारमिनारचे चित्र असलेला हैदराबादचा हाली रुपयाही निघतो. तो ११.१८ ग्रॅमचा असून त्यात शेकडा ८१.८ चांदी असते. कलदार आणि हाली एका भावात घेतल्यास घेणाराच फसतो.

डॉलरची चांदी

माझा सर्वांत आवडता रुपया सर्वांत स्वस्त मिळणाऱ्यांपैकी आहे, तो म्हणजे १९१८ ते १९२० मधला. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, टांकसाळीला ती पुरेनाशी झाली आणि १९१७ च्या नोव्हेंबरअखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. लोक नोटा परत देऊन चांदी मागू लागले तेव्हा अमेरिकेने १९१८ चा पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातले २७,०२,३२,७२२ चांदीचे डॉलर आटवले, आणि त्यांपैकी जवळपास २६ कोटी डॉलरची चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी ब्रिटिश सरकारला विकली. त्या डॉलरवर स्वातंत्र्यदेवतेचे मुख आहे, ते मॉर्गन नावाच्या कोरणाऱ्याने घडवले आणि त्याच्याच नावाने ते ओळखले जातात. मॉर्गन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात शेकडा ९० चांदी. म्हणजे एका डॉलरमधल्या चांदीतून आपले सव्वादोन रुपये पडतात. दारव्ह्याच्या बाजारात विकल्या गेलेल्या एखाद्या आजीच्या हारातला १९१९ चा रुपया कधीकाळी सॅन फ्रान्सिस्कोच्या तिजोरीत पडून राहिलेला असू शकतो.

त्या डॉलरच्या संग्राहकांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मॉर्गन डॉलर फारसे चलनात फिरलेच नाहीत. ते हजारहजारांच्या पोत्यांत भरून ठेवले गेले, त्यामुळे त्यांच्यावर झीज कमी आणि एकमेकांवर आपटून पडलेल्या खुणा जास्त असतात, आणि तिकडची पारख देवीच्या गालावर अशा किती खुणा आहेत येथून सुरू होते. आपला रुपया उलट नशिबाचा आहे. तो बाजारात फिरला, कमरेच्या कशात घामाने भिजला, जमिनीत पुरला गेला, हारात ओवला गेला. त्यामुळे आपल्याकडे आधी झीज पाहावी, मग माणसाच्या हातून झालेली इजा आणि सर्वांत शेवटी बारीक खुणा.

खरेखोटे

पूर्वीचे व्यापारी रुपया दगडी ओट्यावर आपटून वाजवून घेत. कित्येक नाण्यांच्या कडेवरचे पोचे त्याच परीक्षेची आठवण आहेत, म्हणून ती पद्धत आपण वापरू नये. रुपया बोटाच्या टोकावर तोलून धरावा आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी द्यावी. चांगल्या चांदीचा नाद उंच असतो आणि रेंगाळतो, शिशाचा रुपया बद्द वाजतो. मात्र तडा गेलेला किंवा कडी लावलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, म्हणून नुसत्या नादावर निकाल देऊ नये. चुंबकाला जे चिकटेल ते तिथेच परत करावे.

माझा विश्वास पाण्याच्या परीक्षेवर आहे. त्यासाठी दोन दशांश स्थाने दाखवणारा लहान काटा, अर्धा पेला पाणी आणि बारीक दोरा एवढेच लागते. आधी रुपया कोरडा तोलावा. चलनात फिरलेला खरा रुपया साधारण ११.४ ते ११.६६ ग्रॅम भरतो. नंतर पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला रुपया तळाला किंवा भिंतीला न टेकवता पूर्ण बुडेल असा लटकवावा. पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या जवळपास दाखवेल. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की १०.३ येते, आणि तीच या कसाच्या चांदीची घनता आहे. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे चांदी नसलेल्या तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रणाचा, तितक्याच वजनाचा तुकडा १.३५ च्या आसपास दाखवतो, कारण तो हलका धातू अधिक जागा व्यापतो. युद्धकाळातला निम्म्या चांदीचा रुपया ९.५ देईल, तो खोटा समजू नये. नाण्याला चिकटलेले बुडबुडे काडीने सोडवावेत, नाही तर आकडा चुकतो.

धनत्रयोदशीला पूजेसाठी राणीचे किंवा राजाचे चित्र असलेली नवी चांदीची नाणी विकली जातात, आणि दहावीस वर्षांनी तीच ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून पुढे येतात. त्यांची चांदी खरी असू शकते, त्यामुळे पाण्याच्या परीक्षेत ती उतरतील. पण वजन बहुधा सरळ १० ग्रॅम असते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात आणि मुकुटातले खडे वेगळे दिसत नाहीत. साच्यात ओतलेल्या नकलेवर भिंगाखाली बारीक छिद्रे आणि कडेवर जोडाची रेघ दिसते. राम, सीता किंवा हनुमान यांचे चित्र आणि कंपनीचे नाव एकत्र असलेली, १८१८ वगैरे साल कोरलेली तुकड्यासारखी नाणी कंपनीने कधी चलनात आणलेलीच नव्हती, मग ती विकणारा कितीही छातीठोकपणे सांगो.

झीज आणि झळाळी

पाहण्यासाठी सकाळचा खिडकीतला उजेड किंवा एकच दिवा घ्यावा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात वाईट नाणेही चांगले दिसते. रुपया नेहमी कडेला धरावा आणि दिव्याखाली हळूहळू कलता फिरवावा. जो रुपया चलनात गेलाच नाही, त्याच्या पृष्ठभागावर उजेडाचे दोन पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे फिरताना दिसतात. ठसा बसताना चांदी मध्यापासून कडेकडे सरकते आणि तिच्यात डोळ्याला वेगळ्या न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. उजेड फिरतो तो या रेषांवरून. त्या रेषा एकदा घासल्या गेल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. एखादे नाणे कितीही चकचकीत असो, ते फिरवताना उजेड जागच्या जागी थिजून राहत असेल, तर ते घासलेले आहे.

झीज सर्वांत आधी उंच भागांवर येते. राणीच्या रुपयावर मुकुटाच्या वरच्या रेषा, भुवईवरचे केस आणि पोशाखावरची वेलबुट्टी पाहावी. एडवर्डच्या नाण्यावर कानाची पाळी आणि मिशीचे केस पाहावेत. जॉर्जच्या बाबतीत कान, मुकुटाच्या पट्ट्यातले खडे आणि झग्यावरचा हत्ती हे तीन पुरेसे आहेत, आणि त्या तिघांत मी हत्तीला मानतो. हत्तीची सोंड आणि पाय वेगळे दिसत असतील तर नाणे चांगल्या स्थितीत आहे. नुसता हत्तीच्या आकाराचा डाग उरला असेल तर मध्यम. तोही शोधावा लागत असेल तर मोडीच्या भावाचे.

येथे एक फसगत होते. काही नाण्यांवर मुळातच ठसा नीट बसलेला नसतो आणि कान पुसट दिसतो. तो झिजलेला आहे की कच्चा उठला आहे हे ठरवण्यासाठी त्या जागेचा पोत पाहावा. झिजलेला भाग गुळगुळीत आणि शेजारच्या भागापेक्षा राखट असतो, कच्चा उठलेल्या भागावर मात्र बाकीच्या नाण्यासारखीच झळाळी चढते.

अमेरिकेत नाण्याची प्रत १ ते ७० या आकड्यांत सांगतात आणि आता आपल्याकडचे व्यापारीही ते आकडे वापरतात. सराफाच्या पुढ्यात बसून निर्णय घ्यायचा असेल तर मला माझे चार शब्द पुरतात: घासलेला, चाललेला, जपलेला आणि कोरा. चाललेल्या रुपयाचे साल व अक्षरे पूर्ण वाचता येतात पण बारकावे गेलेले असतात. जपलेल्यात बारकावे असतात आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत झळाळी शिल्लक असते. संग्रहासाठी जपलेला घ्यावा. कोऱ्याच्या किमती एकदम चढतात, आणि नवख्याला कोरा म्हणून घासून चकचकीत केलेला रुपयाच बहुधा विकला जातो.

इजांपैकी सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे कडी. बंजारा आणि आदिवासी स्त्रियांच्या हारांत रुपये ओवलेले असत, आणि पुढे कडी काढून झाळलेली जागा कानशीने घासली जाई. कडेचे दाते बोटाने चाचपत एक पूर्ण फेरी मारावी. जेथे बोट घसरते तेथे भिंग लावावे. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेले बारीक ठसे किंवा छिन्नीचे घाव हीदेखील इजाच. अशी नाणी स्वस्तात घ्यावीत किंवा घेऊ नयेत, पण संपूर्ण हार जर शाबूत मिळत असेल तर तो सुटा करू नये.

धुणे

नाणे धुऊ नये. माझ्या आजीच्या पेटीत १८४० चा एक रुपया होता, काळसर निळ्या छटेचा, कडेला किंचित जांभळा. नागपूरला एका व्यापाऱ्याला दाखवायला नेण्यापूर्वी तो बरा दिसावा म्हणून मी चिंच आणि राख लावून तो देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखा लख्ख केला. व्यापाऱ्याने तो भिंगाखाली धरला, एकही शब्द न बोलता तराजूत टाकला आणि चांदीचा भाव सांगितला. ती छटा दीडशे वर्षांत चांदीवर चढलेला पातळ थर होता, आणि त्याच्याखाली मूळ झळाळी शाबूत होती हे मला नंतर समजले. राख, टूथपेस्ट, चिंच, लिंबू आणि सराफाचे धुण्याचे पाणी हे सर्व सारखेच घातक आहेत. हळदकुंकवाची पुटे असतील तर साध्या कोमट पाण्यात तासभर ठेवून, न चोळता, मऊ सुती कापडावर टिपून घ्यावे, आणि जे निघणार नाही ते राहू द्यावे.

ठेवण्यासाठी वर्तमानपत्र, रबर आणि मऊ वासाचे प्लॅस्टिकचे पाकीट टाळावे. त्या प्लॅस्टिकमधून कालांतराने हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. कडक, वासरहित प्लॅस्टिकच्या चौकटी घ्याव्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडी त्या बदलाव्यात. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक खबरदारी घ्यावी: फवारणीचे गंधक ज्या खोलीत असते तेथे चांदी ठेवू नये, एका हंगामात ती काळी ठिक्कर पडते.

भाव आणि कायदा

घेताना आधी नाण्यातली निव्वळ चांदी मनात धरावी. पूर्ण वजनाच्या कलदार रुपयात ती १०.६९ ग्रॅम, युद्धकाळातल्या रुपयात ५.८३ आणि हाली रुपयात ९.१४ ग्रॅम असते. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे, तर कलदारची निव्वळ चांदी १,०६९ रुपयांची झाली. घासलेल्यासाठी त्याहून जास्त देऊ नये, जपलेल्यासाठी वर काय द्यायचे ते आपल्या डोळ्याने ठरवावे. मात्र पेरणीच्या अडचणीत कोणी थेट आपल्याकडे रुपये घेऊन आले, तर त्यांना निव्वळ चांदीचा आजचा भाव स्वतः सांगावा आणि त्याखाली घेऊ नये. मोबाइलवर ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये’ देऊ करून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच आपल्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीविरुद्ध इशारा दिला आहे.

नांगरताना किंवा जुने घर पाडताना नाण्यांनी भरलेले मडके सापडल्यास ते वाटून घेता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा तिच्याशी जोडलेल्या बांधकामात दडवलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

घेतलेल्या प्रत्येक रुपयासोबत एक चिठ्ठी ठेवावी, कारण दोन वर्षांनी कोणता कोठून आला हे आठवत नाही. माझ्या डब्यातल्या एका चिठ्ठीवर असे लिहिलेले आहे: १९१९, मुंबई, कोरडा ११.५८, पाण्यात १.१२, कान स्पष्ट, हत्तीची सोंड दिसते, कडेला एक पोचा, धुतलेला नाही, दारव्हा, मोडीतून.